'जनाब' : उंबरठ्याला केलेला सलाम

प्रश्न असा आहे : 'जनाब' म्हणजे नेमकं काय, त्याचा आपल्या 'जन'शी संबंध आहे का, आणि बाईंना 'जनाबा' म्हणायचं का?

'जन'शी काहीही नातं नाही. शब्द अरबी आहे. मूळ अर्थ बाजू, घरालगतची जागा, अंगण किंवा उंबरठा. आदरार्थी अर्थ त्याला फारसीत चांगलाच चिकटला आणि तिथून तो उर्दूत आला. थोरामोठ्याचं थेट नाव घ्यायचं नाही, त्याच्या दाराशी अदबीनं उभं राहून बोलायचं, अशी ही रीत. आपणही जुन्या पत्रांत वडिलांना न लिहिता 'तीर्थरूप बाबांचे चरणी' लिहीत होतोच की!

'हुजूर' आणि 'हजरत' यांचीही तीच तऱ्हा. दोन्हींचा मूळ अर्थ उपस्थिती, सान्निध्य. आपले 'हजर' आणि 'हजेरी' त्याच धातूचे. पेशव्यांच्या खास फौजेला 'हुजुरात' म्हणत, आणि पुण्यातल्या हुजूरपागेत एकोणिसाव्या शतकापासून मुलींची शाळा भरते. म्हणजे शाळेचं नाव आणि शाळेतली हजेरी एकाच धातूची. मला ही गंमत फार आवडते.

'जनाब'चं गणगोत तर त्याहून मजेशीर आहे. ज-न-ब या अरबी धातूपासूनच 'जानिब' (बाजू, दिशा) आणि 'अजनबी' हे शब्द आले. ज्याला आदरानं हाक मारायची तो जनाब आणि ज्याची ओळखच नाही तो अजनबी, दोघे सख्खे भाऊबंद!

वापर सोपा आहे. नावाआधी 'जनाब', नंतर हवं तर 'साहब'. नाव न घेता नुसतं 'जनाब' म्हटलं तरी चालतं. अधिक अदब हवी तर 'जनाब-ए-आली', सभेच्या अध्यक्षांना 'जनाब-ए-सद्र'. क्रियापद मात्र 'आप'चं, म्हणजे 'जनाब, तशरीफ रखिए'. मराठीत मात्र बऱ्याचदा 'काय जनाब, आज इकडे कुठे?' अशी थट्टाच कानावर येते.

आता 'जनाबा'. ते टाळावं. अरबीत 'जनाबा' आणि उर्दूत 'जनाबत' म्हणजे ज्या अवस्थेनंतर नमाजाआधी स्नान करावं लागतं ती धार्मिक अशुद्धता. मानाचा म्हणून लावलेला शब्द भलतंच सांगून जाईल. जाणकारांच्या मते 'जनाब' स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. ते कानाला खटकत असेल तर 'मोहतरमा' आहेच.