नमुना आठमध्ये नाव नसलेला माणूस

बाबू,

एस.टी. स्टँडवर पडून असलेल्या त्या बेघर माणसासाठी पोरं जमवून ब्लँकेट वाटायचं म्हणतोस. वाट, पण फोटो काढू नको. आणि एक ध्यानात घे. दुपारी तू पारावर आडवा झालास तर लोक म्हणतात, पोरगा थकला. तो झोपला की विचारतात, "कुठचा होय रे? आधार दाखव." तुझ्या बापाचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत आहे, त्याचं कुठंच नाही. बेघरांसाठीचे सरकारी रात्रनिवारेही शहरापुरतेच, लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय या हिशेबाने. खेड्यात उरतं देवळाचं सभामंडप, तेही पुजाऱ्याच्या मर्जीवर.

संशय जिवावर बेततो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या, डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आपल्या ग्रुपवर 'सावधान' असा मेसेज फिरला तर ब्लँकेटं राहू दे, आधी तो थांबव.

तो स्वतःशीच बडबडतो म्हणून गाव त्याला येडा म्हणून मोकळं झालं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 पाहा. अशा भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोध घेणं हेही ठाणेदाराचंच काम. घोडं अडतं ते इथं: "तक्रारदार कोण?" म्हणून परत पाठवतात. तू तक्रारदार हो. अर्जाच्या दोन प्रती ने, कलम लिही, एकीवर पोच घे. भीक मागणाऱ्याला पकडायच्या 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्याचं कोणी नाव काढलं, तर तोच अर्ज पुढं कर. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा मानसोपचाराचा डॉक्टर नसतो, म्हणून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथूनच मागून घे.

पोलीस येईपर्यंत त्याला हात लावायची घाई नको. मे महिन्यातही अंगावर तीन-तीन सदरे असतील. ओढून काढू नको, त्याचं कपाट तेच. केस बळजबरीने कापू नका. बरेच दिवसांचा उपाशी असेल तर पंगतीसारखं वाढू नको. वाटीभर पातळ वरणभात दे, दोन तासांनी पुन्हा वाटीभर. जखमेत किडे दिसले तर फिनाईल ओतणारे हात अडव आणि 108 लाव.

नाव-गाव विचारलं की बरेचजण गप्प होतात, किंवा रोज वेगळंच सांगतात. समोर उभं राहून चौकशी करू नको, बाजूला बसून चहा घे. कोणत्या भाषेत पुटपुटतो ते ऐक. हावडा-मुंबई लाइनवरून कुठूनही आलेला असू शकतो. बंगाली, छत्तीसगढी, काहीही निघेल. मग गावाचं नाव सोडून दुसरंच विचार: नदी कोणती, स्टेशन कोणतं, बाजार कोणत्या वारी भरतो. जे सांगेल ते त्याच्याच शब्दात तारखेसह लिहून ठेव आणि तो कागद अर्जाला जोड.