बांधावरचे कंद उपटू नका

कोकणात नव्याने शेती घेतलीत आणि बांधालगतचे सुरण, कणगी, कोनफळ उपटून सगळीकडे काजू लावायचं मनात असेल, तर जरा थांबा. इथला चार-पाच गुंठेवाला हे कंद हौसेखातर ठेवत नाही. बियाणं घरचंच असतं. सुरणाची पानं पिवळी पडून माना टाकल्या, तरी काढायची घाई नाही. पुढच्या पावसाआधी दर बघून खणा. नारळ-सुपारीच्या विरळ सावलीतही तो येतो. लावताना कंदाच्या प्रत्येक कापाला डोळा (कोंब फुटायची जागा) हवाच, काप शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. कणगीच्या वेलाला आधार द्या. रानडुकरांचा त्रास आहेच (त्यांना कंद आपल्याआधी कळतो!), म्हणून घराजवळ लावा. आणि हो, सुरण खाजरा, म्हणून चिरताना हाताला तेल, शिजवताना आमसूल.