काच कुणाची, कधीची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, आईकडे एक काचेची फुलदाणी आहे, आजीच्या रुखवतात आलेली, लग्न १९५८ चं. हाताच्या पंजात धरलेली फुलदाणी असा आकार, रंग केशरी-सोनेरी, आणि उजेडात हलवली की पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखे जांभळे-हिरवे रंग दिसतात. खाली शिक्का नाही. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो ऑस्ट्रियाची लोएट्झ आहे, शंभर वर्षांपूर्वीची. मामा म्हणतात काहीतरीच. खरं काय? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, मामांचं ऐका. लोएट्झ ही काचेची कंपनी, तिचा कारखाना बोहेमियात, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आताच्या चेक देशात होता आणि त्यांचाही पुष्कळ माल बिनसहीचाच सापडतो, म्हणूनच चमकणारी बिनशिक्क्याची काच दिसली की लोक बिनधास्त लोएट्झ म्हणून मोकळे होतात, भावही तसाच सांगतात. तुम्ही नख घ्या आणि फुलदाणीच्या बाजूने वरून खाली फिरवा. एक उभी बारीक रेघ लागेल, मग बरोबर समोरच्या बाजूला पण लागते का बघा. लागली तर तो साच्याचा सांधा. तोंडाने फुंकून हाताने घडवलेल्या काचेला असा सांधा नसतो, उलट घडवताना काच ज्या सळईला चिकटवून धरतात, ती तोडून वेगळी केल्याचा खरबरीत व्रण तळाच्या मधोमध असतो नाहीतर तो घासून केलेला गुळगुळीत खळगा.

आता तीच उलटी करून उन्हात धरा. तळ बहुतेक साधा पांढरा, पारदर्शक दिसेल, कारण केशरी रंग काचेचा नाहीच, साच्यातून निघालेल्या गरम काचेवर धातूच्या क्षारांचा फवारा मारून तो चढवतात. याला कार्निव्हल ग्लास म्हणतात, अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७ च्या सुमारास तो बाजारात आणला आणि नंतर आपल्याकडे फिरोजाबादला पण व्हायला लागला. पंजातली फुलदाणी, मासा गुंडाळलेली, हत्तीवाली, हे सगळे तिथल्या जैन ग्लास वर्क्सचे ओळखीचे नमुने, परदेशातले शौकीन ते मुद्दाम शोधतात बरं का, त्यामुळे ऑस्ट्रियाची नाही म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. तरी फिरोजाबादेत भट्ट्या पुष्कळ, तेव्हा साच्यात नाव उमटलेलं नसेल तर मी ‘फिरोजाबाद, जैनच्या नमुन्याची’ एवढंच लिहून देईन, त्यापुढे नाही. (आपल्या महाराष्ट्रातली म्हणाल तर तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, पण त्यांची ओळख चिमण्या-कंदिलांची, असल्या शोभेच्या वस्तूंची नाही.)

राहिलं वय. त्यासाठी रुखवतासारखा पुरावा नाही, आजीच्या लग्नात होती म्हणजे १९५८ च्या नंतरची नाहीच. रुखवताचा एखादा फोटो अल्बममध्ये असेल तर तो फुलदाणीसोबतच ठेवा, विकायची वेळ आली तर तोच कामाला येईल. आणि भिंगातून तळाची कड बघा. वर्षानुवर्षं कपाटात सरकवलेल्या वस्तूला ओरखडे फक्त टेकणाऱ्या कडेवर असतात, बारीक, कुठल्याही दिशेला गेलेले. सगळे एकाच दिशेने, आणि न टेकणाऱ्या खोलगट भागात पण असतील तर कुणीतरी सँडपेपर घासून वस्तू म्हातारी केलीय समजा.

प्रश्न : भुसावळला रेल्वे क्वार्टरमधून मिळालेली पिवळट हिरवी वाटी आहे, दुकानातल्या नोटा तपासायच्या लाइटखाली भडक हिरवी चमकते. मुलगा म्हणतो युरेनियम आहे, फेकून द्या. फेकू का?

उत्तर : फेकू नका भाऊ. मुलगा हुशार आहे, फक्त घाबरट आहे. बोहेमियात १८३० च्या दशकापासून काचेत रंगासाठी थोडं युरेनियम घालायचे, त्यामुळे ती अशी चमकते. शोकेसमध्ये ठेवायला काही धोका नाही, लोणचं-दही मात्र त्यात काढू नका आणि तुटली तर तुकडे नीट गोळा करा. पण चमकली म्हणजे शंभर वर्षं जुनी असं नसतं हां, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युरेनियम सरकारने ताब्यात घेतलं तरी १९५८ नंतर काचवाल्यांना परत मिळायला लागलं आणि अशी काच आजही बनते. फिकट हिरवी झाक असेल तर ते मँगनीज पण असू शकतं, तुमची भडक म्हणताय म्हणून मी युरेनियम धरतोय. वाटीला सांधा आहे का, तळ कसा आहे, कडेवर ओरखडे कुठे आहेत ते बघून कळवा, बनवणाऱ्याचं नाव त्या लाइटने नाही कळत. लाइट रात्री अंगणात फिरवून बघा, विंचू पण चमकतात, तेवढाच फायदा.

प्रश्न : जुनी काचेची सुरई आतून पांढरट झालीय, धुऊनही जात नाही. ही जुनेपणाची खूण का? (चाळीसगाव)

उत्तर : आधी बोअरच्या जड पाण्याचा क्षार आहे का बघा. आत पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, सकाळी कोमट पाण्याने धुवा. गेलं तर क्षारच होता, वयाशी संबंध नाही. तसंच राहिलं तर काचच खराब झालीय, ते घरी घासून निघत नाही आणि विकताना किंमत पण पडते, व्यापारी कितीही ‘अँटिक लुक’ म्हणू दे.