खोट्या कागदावर सही करायला नाही म्हटल्याने आयुष्याला खरंच अर्थ येतो का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात खोट्या कागदावर सही मागतायत, नाही म्हटलं तर नोकरी जाईल, आणि अशा झगड्यातून आयुष्याला अर्थ येतो म्हणतात ते खरं की नुसतं बोलायचं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. पुण्यात आणि आसपासच्या साइटवर वीस वर्षं काढली. असा कागद माझ्यापुढे दोनदा आला. एकदा मी सही केली, एकदा नाही केली.

पहिली वेळ 2006 ची. इमारतीचे पार्किंगचे कॉलम भरत होतो. काँक्रीट एम 25 प्रतीचं, म्हणजे त्याचे 150 मिलिमीटरचे ठोकळे, ज्यांना आम्ही क्यूब म्हणतो, 28 दिवस पाण्यात ठेवून मशिनखाली दाबले की दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन भार सोसायला हवा. त्या दिवशी काँक्रीटची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. माल घट्ट होऊन आला, पंपातून जाईना. मग साइटवर सगळीकडे करतात तेच केलं, पाइप लावून पाणी मारलं. पाण्याने माल पळतो, पण ताकद जाते. 28 दिवसांनी आकडा आला 17 च्या आसपास.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने जादा सिमेंट घालून वेगळे क्यूब भरून ठेवलेच होते. त्यांचा रिपोर्ट रजिस्टरला लागला आणि खाली माझी सही. घराचा हप्ता नुकता सुरू झाला होता, बायकोला सातवा महिना होता. ही कारणं खरी होती. तरीही सही मीच केली.

त्यानंतर काहीच झालं नाही. इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, गणपती बसले. डिझाइनमध्ये काँक्रीटची ताकद मुळातच दीडने भागून कमी धरलेली असते, त्यामुळे एवढ्या चुकीने इमारत लगेच कोसळत नाही. ही गोष्ट मी स्वतःला तीन वर्षं सांगत होतो. जितकी पटत होती तितकाच त्या रस्त्याने जायचं टाळत होतो.

2009 मध्ये दुसऱ्या कंपनीत तोच प्रसंग, फक्त कॉलमऐवजी स्लॅब. या वेळी मी म्हटलं, कोअर काढू. ड्रिलने स्लॅबमधूनच दंडगोल नमुने काढून दाबून बघायचे. किमान तीन नमुने, सरासरी मूळ ताकदीच्या 85 टक्के आणि एकही 75 टक्क्यांखाली नको, असा भारतीय मानकाचा सरळ नियम आहे. कोअर पास झाले असते तर सगळेच सुटले असते. पण साहेब म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस की इन्स्पेक्टर?" आठवड्यात मला काढलं. माझ्या जागी आलेल्याने सही केली असणार. त्या स्लॅबचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही.

म्हणजे माझ्या "हो"ने कुणी मेलं नाही आणि "नाही"ने कुणी वाचल्याचा पुरावा नाही. आपलं वागणं तोलायचं कशाने, यावर मी त्या दिवसांत फार विचार केला, कारण विचार करायला वेळच वेळ होता. सात महिने पक्की नोकरी नव्हती. बायकोने शिकवण्या वाढवल्या. मी आपटे रोडवरच्या एका ऑफिसात तुकड्यावर ड्रॉइंग करायचो आणि बसचे पैसे वाचवायला कर्वेनगरहून चालत जायचो.

लहानपणी रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट ऐकलेली असते. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्रींनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त. मग पद सोडून पुण्याबाहेर पडले. गोष्ट तिथे संपते आणि आपण टाळ्या वाजवतो. पण राघोबादादा त्यानंतर दहा वर्षं जगले, शिक्षा काही अमलात आली नाही. पूर्वी हे आठवलं की मी खट्टू व्हायचो. चालत असताना मात्र पहिल्यांदा वाटलं, की निदान खुनाला त्या दिवशी खून म्हटलं गेलं. दरबारात कुणीच तसं म्हटलं नसतं तर पुण्याला आपल्याबद्दल काय वाटलं असतं?

आणि त्याच रस्त्यावरून धोंडो केशव कर्वे चालायचे. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. एवढं आपण शाळेत शिकतो. लग्न एका दिवसात होतं. त्यानंतरची वर्षं बघा. 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली, 1900 मध्ये ती हिंगण्याला, म्हणजे आताच्या कर्वेनगरला, माळरानावरच्या झोपडीत नेली. मग कितीतरी वर्षं हिंगण्याहून फर्ग्युसनपर्यंत पायी जाऊन गणित शिकवायचं, उरलेल्या वेळात वर्गणी मागत फिरायचं, चालत परत. बायाही, म्हणजे गोदूबाई, वर्गणीसाठी दारोदार फिरल्या. चिखलातून रोज जाणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्याला अर्थ आहे का असं कुणी विचारलं असतं, तर मला वाटतं तो म्हणाला असता, वर्गाला उशीर होतोय.

माझ्या सात महिन्यांची त्यांच्या आयुष्याशी बरोबरी मी करत नाही. पण तिथून मला एक कळलं, की मी नुसती नोकरी गमावली होती. हातून झालेलं तसंच पार्किंगमध्ये उभं होतं.

ते उचलायला मला आणखी तीन वर्षं लागली. 2012 मध्ये त्या पहिल्या सोसायटीच्या कमिटीपुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. नोकरी गमावण्यापेक्षा हे शंभरपट अवघड होतं. एक जण म्हणाले, पोलिसात देऊ. दुसरे म्हणाले, ही गोष्ट बाहेर गेली तर फ्लॅटला कोण भाव देईल? त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी कमिटीतल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आधी तपासणी करून घेऊ. यांचं काय करायचं ते मग बघू." तपासणीचे पैसे मी भरले. दोन कॉलम नापास निघाले. त्यांना जॅकेटिंग करावं लागलं: प्लास्टर फोडून, भोवती नवीन सळ्या आणि रिंगा बांधून, नव्या काँक्रीटचं वेष्टण. दोन गाड्यांच्या जागा अरुंद झाल्या, त्यावरून अजून कुरबूर चालते. त्या खर्चाचा एक भाग मी चार वर्षं हप्त्याने फेडला.

मला अर्थ जर कुठे सापडला असेल तर त्या चार वर्षांत सापडला. नाही म्हटलं त्या दुपारी तर मला फक्त भीती वाटत होती, पोटात कालवत होतं.

झगड्याने अर्थ येतो, हे वाक्य मला मात्र सरसकट मान्य नाही. 2006 मध्ये ज्या मजुराच्या हातात पाण्याचा पाइप होता, तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झगडत होता. सुपरवायझरने सांगितलं, त्याने पाणी मारलं. नाही म्हणण्याची सोय त्याला कुणी ठेवलीच नव्हती. त्याला कष्टातून अर्थ येतो असं सांगणं म्हणजे त्याची मजुरी बुडवून वर आशीर्वाद देणं. हालअपेष्टा मागून घेऊ नका. तुमच्याकडे निवड आहे, हेच मोठं भांडवल आहे.

तुमच्या बाबतीत म्हणाल तर, आधी घरी सांगा. मी सांगितलं नव्हतं. नोकरी गेल्यावर बायकोला कळलं आणि तिचा राग माझ्या सचोटीवर नव्हता, तिला न विचारता तिचे सात महिने खर्चल्यावर होता. ते योग्यच होतं. मग काय मागितलं, कुणी, कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवा आणि तुमचा नकार ईमेलने कळवा, तोंडी नको. नकारासोबत दुसरा मार्ग सुचवा, जसे माझे कोअर होते. बऱ्याचदा वरच्या माणसालाही सुटायचं असतं. चारसहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत सही टाळता येत असेल तर टाळत राहा, यात कमीपणा नाही.

आणि सही आधीच झाली असेल, तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून मला ती शंका आली, तरी दार बंद झालेलं नसतं.

मी दर वर्षी पावसाळा संपला की ते दोन कॉलम बघून येतो. वॉचमन आता ओळखतो, बॅटरी आणून देतो. गेल्या ऑक्टोबरात एकाच्या पायाशी ओल दिसली. ड्रेनेजची लाइन गळत होती, ती दुरुस्त करून घेतली.