डिप्लोमा आहे, काम येतं, पण मुलाखतीत गाडी अडते. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा, राहायला कळवा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काम, आणि आता नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात जरा मोठ्या ठिकाणी जायचंय. मुलाखतीला बोलावतात, टेक्निकल प्रश्न येतात, तरी शेवटी ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवतात. त्यात सध्याच्या नोकरीत अप्रेझलच्या कागदावर ‘कम्युनिकेशन सुधारा’ असा शेरा पडलाय. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, आणि मुलाखतीनंतर आठवडाभर उत्तर नसेल तर फोन करावा का, असंही विचारलंय.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. भरती निघाली की एचआरच्या शेजारची खुर्ची माझी. जे सांगतोय ते त्या खुर्चीवरून दिसलेलं आहे; बँकेतल्या किंवा शाळेतल्या मुलाखतीला ते जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

क्लास लावायचा तर लावा, नुकसान काहीच नाही. पण आमच्याकडे मुलं पडतात ती व्याकरणावर क्वचितच. पोरगा वीस मिनिटं बोलतो आणि तो उठून गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो: दोन वर्षं हा नक्की करत काय होता? मशीनवर होता, की मशीनजवळ उभा होता?

एक उदाहरण देतो. ‘आधीच्या कंपनीत काय बघत होतास?’ हा साधा प्रश्न. एकाचं उत्तर: ‘सर, आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी. आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड अ गुड टीम प्लेयर. वुई रिड्यूस्ड रिजेक्शन.’ इंग्रजी स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. मी विचारलं, कुठल्या पार्टचं रिजेक्शन? ‘सर, मेनी पार्ट्स.’ कशाने मोजायचास? ‘सर, ऑल इन्स्ट्रुमेंट्स.’ पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

दुसऱ्याचं इंग्रजी पहिल्या वाक्यालाच बसलं. मग तो अर्धं मराठी, अर्धं हिंदी असा सुटला. हाउसिंगचा बोर (आतलं भोक), २५ एच सेव्हन, म्हणजे २५ मिमी मापाला शून्य ते अधिक २१ मायक्रॉनचीच सूट. सकाळपाळीत पहिल्या तासातले पार्ट बोअर गेजवर मोठे लागायचे, आणि मोठा झालेला बोर म्हणजे थेट लाल डबा, म्हणजे भंगार, रिवर्कचा (दुरुस्तीचा) प्रश्नच नाही. त्याने वहीत वेळ लिहून मोजमापं टिपायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की मशीन थंड असताना माप एक येतं आणि गरम झाल्यावर दुसरं. सेटरला (मशीनचं सेटिंग लावणाऱ्याला) वही दाखवली. सेटर आधी वैतागला (सेटर वैतागतातच), मग शिफ्टच्या सुरुवातीला वॉर्म-अप सायकल चालवायचं ठरलं आणि सकाळचे लाल डब्यात जाणारे पार्ट थांबले. हे सांगताना त्याने हवेत गेज धरल्यासारखा हात केला होता. त्याला घेतला.

त्या उत्तरात मला काय काय मिळालं बघा. पार्ट कळला, टॉलरन्स कळला, गेज कळलं. वही ठेवायची सवय दिसली. सेटरशी वाद न घालता त्याला पटवता येतं हेही दिसलं. यातलं एकही विशेषण त्याने स्वतःला लावलं नव्हतं.

प्लेसमेंटच्या क्लासमध्ये यालाच ‘स्टार’ पद्धत म्हणून शिकवतात: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, झालं काय. पद्धत चांगली आहे. पण मुलं पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकतात. कंपनी कधी सुरू झाली, मालक कुठले, कस्टमर कोण कोण. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘तुम्ही काय केलंत’ इथे आलं की एका वाक्यात गुंडाळतात. नेमकं उलटं हवं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती संस्काराची. ‘मी केलं’ म्हणायला जीभ वळत नाही, फुशारकी वाटते. मग सगळं ‘आम्ही केलं’, ‘आमच्याकडे झालं’. समोर बसलेल्याला ‘आम्ही’ला नोकरी द्यायची नसते. ज्याचं श्रेय त्याला देऊन स्वतःचा वाटा स्पष्ट सांगता येतो: फिक्स्चरची (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनाची) कल्पना साहेबांची, ड्रॉइंग मी काढलं, ट्रायल ऑपरेटरने आणि मी मिळून घेतली. यात फुशारकी कुठेच नाही, उलट असं बोलणाऱ्यावर विश्वास बसतो.

तयारी म्हणाल तर गुगलवरची ‘टॉप फिफ्टी’ प्रश्नोत्तरं पाठ करू नका. पाठ केलेलं पहिल्या ओळीत कळतं, डोळे छताकडे जातात. त्यापेक्षा तुमच्या दोन वर्षांतले चार-पाच प्रसंग निवडा. एक बिघाडाचा, एक कस्टमर कंप्लेंटचा, एक कुणाशी तरी खटका उडाल्याचा, एक नवीन काही शिकल्याचा. तेच प्रसंग निम्म्याहून अधिक प्रश्नांना पुरतात. ते घरात कुणाला तरी मोठ्याने सांगा, शक्यतो ज्याला मशीनमधलं काही कळत नाही अशा माणसाला. आई किंवा बहीण जिथे ‘म्हणजे काय रे?’ म्हणून थांबवेल, नेमकी ती जागा दुरुस्त करायची.

आता इंग्रजी. आमच्या पट्ट्यातल्या शॉप फ्लोअरच्या नोकरीला मोडकं इंग्रजी चालतं, सुरुवातीलाच ‘सर, टेक्निकल भाग हिंदी-मराठीत सांगितला तर चालेल का?’ असं सरळ विचारलेलंही चालतं. पॅनेलवर तमिळ किंवा गुजराती साहेब असेल तर हिंदी धरा. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये, जिथे रोज परदेशी क्लायंटच्या कॉलवर बसायचंय, तिथे मात्र ही सवलत मागू नका. तिथे इंग्रजी हाच कामाचा भाग आहे. तुमच्यासाठी सोपी युक्ती सांगतो. मुलाखतीतलं जवळजवळ सगळं बोलणं घडून गेलेल्या गोष्टींचं असतं. चेक्ड, फाउंड, मेझर्ड, रिपोर्टेड, चेंज्ड, ट्राइड, आस्क्ड, स्टॉप्ड अशी पंधरा-वीस क्रियापदं भूतकाळात तोंडात बसली आणि दर वाक्य छोटं ठेवलं, की मोठा खड्डा बुजतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाताना मनातल्या मनात कालची शिफ्ट इंग्रजीत सांगत जा. कुणाला ऐकू जात नाही, क्लासची फीही वाचते.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला मूळ गाव, वडिलांची नोकरी, भावंडं, क्रिकेटची आवड हे सगळं सोडा. मला स्वतःला गाव विचारायला आवडतं, पण ते चहाच्या वेळी. तिथे तीन-चार वाक्यं पुरतात: आता कुठे आणि कशावर काम करता, त्याआधी काय, आणि या जागेसाठी का आलात. तुमचा कमकुवतपणा कोणता, हा प्रश्न मला स्वतःला निरर्थक वाटतो, पण एचआर विचारतंच. ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ हे मात्र कृपा करून सांगू नका.

एखादी गोष्ट येत नसेल तर? समजा ‘सीपीके’ (मापं टॉलरन्समध्ये किती भरवशाने बसतात त्याचा आकडा) विचारला. गोल गोल फिरण्यापेक्षा असं सांगा: ‘सर, सीपीके मी स्वतः काढलेला नाही. आमचे क्वालिटी इंजिनिअर काढायचे, मी त्यांना रीडिंग द्यायचो. १.३३ च्या खाली आलं की सेटिंग बघायला लावायचे, एवढं माहीत आहे.’ नाही म्हणूनही तुम्ही तिथे काय करत होता हे मला कळलं.

जाण्यायेण्याबद्दलही सांगून टाकतो, कारण पहिलं संभाषण तिथेच होतं. टीटीसीतले, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीतले पत्ते प्लॉट नंबरवर चालतात, नकाशा भलत्या गेटवर नेऊन सोडतो. आदल्या दिवशी फोन करून जवळची खूण विचारून ठेवा. उशीर होतोय असं दिसलं तर ‘सर, ऑन द वे आहे’ यातून काही बोध होत नाही. ‘ठाण्याला गाडी थांबलीय, अकराची वेळ होती, साडेअकरापर्यंत गेटवर येतो, चालेल का?’ असं कळलं तर आम्ही मधे दुसऱ्याला घेऊन टाकतो, कुणाचंच बिघडत नाही.

आता तुमचा तो शेरा. अप्रेझलमध्ये साहेब ‘कम्युनिकेशन’ लिहितात तेव्हा त्यांना फार क्वचित इंग्रजी म्हणायचं असतं. बहुतेक वेळा अर्थ एवढाच की हा वाईट बातमी उशिरा सांगतो, किंवा अर्धी सांगतो. साहेबांना एकदा विचारून घ्या, ‘सर, कुठल्या प्रसंगावरून लिहिलंत?’ तक्रारीच्या सुरात नाही, खरंच जाणून घ्यायला. तुमचे साहेब काय सांगतील ते सांगतील, पण मला रोज येणारे दोन प्रकारचे मेसेज इथे देतो.

पहिला: ‘सर मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे.’ बस. आता मी मीटिंगमधून उठून फोन करायचा, कुठलं मशीन, कधीपासून, मेंटेनन्सला सांगितलं का, सगळं विचारायचं.

दुसरा (व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन): ‘सर, व्हीएमसी दोन ११:२० पासून बंद. स्पिंडल ओव्हरलोडचा अलार्म. मेंटेनन्स आलंय, वेळ सांगू शकत नाही म्हणतात. आजच्या ६० पैकी २२ झालेत, डिस्पॅच उद्या सकाळी. उरलेले व्हीएमसी चारवर घेऊ का? १२ पर्यंत सांगितलंत तर सेटिंग बदलून शिफ्टमध्ये होतील.’

दुसऱ्या मेसेजला मी फक्त ‘घे’ म्हणायचं. पाठवणाऱ्याला जास्तीची दोन मिनिटं लागली असतील. आधी काय झालं, मग त्याने काय अडतं, मग तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, हा क्रम हाताला बसवा. मेललाही हाच. ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट’ने सुरू होणाऱ्या मेलमध्ये मुद्दा चौथ्या परिच्छेदात सापडतो, तोवर कस्टमरचा फोन येऊन गेलेला असतो.

आणि ‘ओके सर’. आमच्या ग्रुपवर दिवसाला कितीतरी पडतात. त्यातला कुठला ‘वाचलं’, कुठला ‘समजलं’ आणि कुठला ‘करतो’, हे देव जाणे. हे किती महागात पडू शकतं ते विमानवाल्यांना विचारा. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की एका विमानातून ‘आम्ही आता टेकऑफला’ असं काहीतरी मोघम सांगितलं गेलं आणि टॉवरमधून आधी ‘ओके’ आलं. त्यापुढचं ‘थांबा, मी सांगतो’ दुसऱ्या विमानाच्या बोलण्यामुळे रेडिओच्या खरखरीत बुडालं. तेव्हापासून तिथली भाषा कडक झाली. टेकऑफ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच काढायचा, आणि मिळालेली परवानगी नुसत्या होकाराने नाही, परत म्हणून दाखवूनच पक्की करायची.

आपल्याकडे जिवावर बेतत नाही, लॉट (पार्टची अख्खी खेप) जातो. म्हणून साहेबांनी चालता चालता तीन गोष्टी सांगितल्या की तिथेच म्हणायचं: ‘म्हणजे आधी जुना लॉट वेगळा काढतो, मग नव्याचे पाच पार्ट मोजून तुम्हाला दाखवतो, तोवर पॅकिंग थांबवतो. बरोबर?’ सुरुवातीला शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारखं वाटेल. दोन-तीन वेळा साहेब ‘नाही रे, पॅकिंग चालू ठेव’ म्हणाले की मग वाटणार नाही. शिफ्ट सोडताना लॉगबुकमध्ये ‘काम चालू आहे’ लिहून जाण्याची सवय असेल तर तीही मोडा. कुठपर्यंत आलंय आणि पुढच्याने पहिलं काय करायचं, एवढं लिहा.

साहेबांचं चुकतंय असं वाटलं तर? सांगा, पण कस्टमरच्या ऑडिटरसमोर नाही, आणि रीडिंग हातात घेऊन सांगा. एवढं पाळलंत की बरेच साहेब ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हणतात तेव्हा ‘नो सर’ म्हणून उठू नका. पहिले तीन महिने मला कुठल्या लाइनवर ठेवाल, रिपोर्टिंग कुणाला, शिफ्ट कशा फिरतात, हे विचारा. पगाराचा आकडा एचआरने काढल्यावर बोला, आणि बोलाल तेव्हा हातात येणारा की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वर्षाचा खर्च) हे स्पष्ट करून घ्या. यात बरीच मुलं फसतात.

आणि फोनचं. हो, करावा. सांगितलेली मुदत उलटली की, किंवा मुदत सांगितलीच नसेल तर आठवड्याने. आधी एचआरला दोन ओळींचा मेल: कुठल्या तारखेला, कुठल्या जागेसाठी भेटलात, आणि निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर ऑफिसच्या नंबरवर फोन. माझ्यासारख्याचा मोबाइल नंबर कुठून तरी मिळवून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हाय सर’ नको. सोमवारची सकाळही टाळा, तेव्हा आम्ही सगळे प्रॉडक्शन मीटिंगमध्ये असतो. दुपारी तीननंतर केलात तर एचआरवाली मॅडम निवांत असते, फाइल काढून बघून सांगते.