आधी एपिक्युरसचं पत्र वाच
सुख म्हणजे काय हे समजून घ्यायला तू थेट ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचे 10 भाग उघडलेस, म्हणून दमलास. आधी एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञानं मेनोइकिअस नावाच्या शिष्याला लिहिलेलं पत्र वाच, एका बैठकीत संपतं. एपिक्युरसला चैनीचा पुरस्कर्ता म्हणतात, ते मला फार खटकतं. अथेन्समधल्या त्याच्या बागेत जेवण साधंच असे. मित्राकडे त्यानं मागितलं काय, तर थोडं चीज, मनात आलं की मेजवानी करता यावी म्हणून! देहाला पीडा नाही, मनाला घोर नाही, हे त्याचं सुख. आणि विवेक, न्याय यांच्यावाचून सुखानं जगताच येत नाही, असं तो बजावतो.

मग ॲरिस्टॉटलकडे ये. त्याच्या 'युडायमोनिया' (चांगलं, सफल जगणं) या ग्रीक शब्दाचं भाषांतर नुसतं 'आनंद' करू नकोस, त्यात अख्ख्या आयुष्याचा विचार आहे. सातवा आणि दहावा भाग शेजारी ठेव. सुखाची चर्चा दोन्हींत येते, पण पुरती जुळत नाही.