वाचकांचे प्रश्न : ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड ठेवावे की सोडावे?

प्रश्न : तोफखान्यात २१ वर्षे नोकरी करून मी १९९४ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. वय ७२ आहे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. गेल्या तीन महिन्यांत साखरेची एक गोळी पॉलीक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, दोनदा मिळाली नाही. मोतीबिंदूसाठी तिथले रेफरल (पुढच्या उपचाराची चिठ्ठी) घेऊन एका खासगी रुग्णालयात गेलो, तर ‘ईसीएचएसची बिले अडकली आहेत, सध्या पेशंट घेत नाही’ असे काउंटरवरूनच सांगून मला परत पाठवले. मुलगा म्हणतो की सत्तरीवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ते काढा आणि हे सोडून द्या. शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक विचारतात की मेडिकल आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालये असताना फौजींसाठी वेगळी व्यवस्था कशाला हवी? दोघांना काय उत्तर द्यावे?
— एक माजी सैनिक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मुलगा काळजीपोटी बोलत आहे, यात शंका नाही. तरीही कोणत्याही अर्जावर सही करण्यापूर्वी आपण घरातली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करावी आणि त्याला शेजारी बसवावे. साखरेच्या गोळ्यांची पाकिटे, रक्तदाबाची गोळी, रक्त तपासणीचे कागद, मागच्या वेळची चिठ्ठी, हे सारे समोर मांडून त्याला एवढेच विचारावे की यातले काय काय नव्या कार्डावर मिळणार आहे. उत्तर असे आहे की जवळजवळ काहीच नाही. आयुष्मान योजना ही रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा दाखल उपचार, दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढा तिचा पल्ला आहे. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि आयुष्यभर रोज घ्यायची गोळी तिच्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सत्तरीवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली, तेव्हाच हेही स्पष्ट करण्यात आले की ईसीएचएससारख्या योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी जुनी योजना किंवा नवी, यांपैकी एकच निवडायची आहे.

ज्या घरात दुसरा कोणताच आधार नाही त्या घरासाठी हे कार्ड मोलाचे आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपल्या बाबतीत मात्र अदलाबदल तोट्याची ठरेल. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, दाखल उपचाराला रकमेची वार्षिक मर्यादा नाही, रोजची औषधे आहेत, आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे श्रवणयंत्रासारख्या साधनांची तरतूदही आहे. आपण १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेले असल्यामुळे आपल्याला अंशदानही भरावे लागलेले नाही. पत्रात आपण कानाचा उल्लेख ओझरता केला आहे. श्रवणयंत्रासाठी अर्ज केल्याचे मात्र कोठेही लिहिलेले नाही. पुढच्या भेटीत कान-नाक-घसा तज्ज्ञांचे रेफरल अवश्य मागावे.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. तो खोडसाळ नाही आणि त्याला सरळ उत्तर देणे भाग आहे. मेडिकलमध्ये विदर्भच नव्हे, तर छिंदवाडा, बालाघाट आणि छत्तीसगडपर्यंतचे रुग्ण येतात; सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहिल्यावर हे वेगळे सांगावे लागत नाही. मिहानमध्ये एम्स झाले तरी त्या रांगा काही ओसरलेल्या दिसत नाहीत. पण फौजींना रांग नको म्हणून वेगळी व्यवस्था असावी, हा युक्तिवाद मला स्वतःला पटत नाही, कारण रांग कोणालाच नको असते. खरे कारण नोकरीच्या स्वरूपात आहे. शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो, जवान मात्र पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. आपणही एकेचाळिसाव्या वर्षीच बाहेर पडला असाल. ज्या मालकाने माणसाचे तरुण वय वापरले त्याच्याकडून पुढची तीसचाळीस वर्षे औषधपाण्याची सोय मागणे, याला मी मेहरबानी म्हणणार नाही. शिवाय नोकरीतले आजार नोकरीत दिसतातच असे नाही. तोफेजवळ उभे राहिलेल्या माणसाला कानाचा दोष अनेकदा पन्नाशीनंतर जाणवू लागतो, आणि गुडघ्यांचेही तसेच असते. विमा हा घडलेल्या घटनेचे पैसे देतो. हे आजार घटना म्हणून येत नाहीत, ते मुरत जातात, आणि म्हणून त्यांना वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहणारी फाइल लागते.

ही फाइल काय करू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालये आहेत, डॉक्टर पगारी आहेत आणि रुग्णाची नोंद देशभर एकच चालते. या रुग्णालयांची अब्रू १९९०च्या दशकाच्या आरंभी फारशी चांगली नव्हती. त्यानंतर मोठ्या सुधारणा झाल्या, आणि २०१४ साली फीनिक्स शहरात प्रतीक्षायाद्या दडवल्याचे उघडकीस आल्यावर पुन्हा गहजब झाला. ‘हे बंद करा आणि सैनिकांना खासगीत जाऊ द्या’ ही मागणी तिथेही तेव्हा जोरात होती. पण त्यानंतर डेव्हिड चॅन, डेव्हिड कार्ड आणि लोवेल टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी रुग्णवाहिकेतून नेलेल्या वृद्ध माजी सैनिकांचा अभ्यास केला. सरकारी रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात, दोन्हीकडे उपचार घेण्याचा हक्क असलेले हे रुग्ण होते, आणि कोणाला कुठे नेले जाईल हे बरेचसे कोणती रुग्णवाहिका आली यावर अवलंबून होते. सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलेल्यांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू बरेच कमी आढळले, आणि खर्चही कमी आढळला. जुनी नोंद समोर असलेल्या डॉक्टरला रुग्ण नव्याने ओळखावा लागत नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. याच नोंदींच्या जगात व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या वनस्पतिनाशक रसायनाचे आणि अलीकडे इराक-अफगाणिस्तानातल्या जळत्या कचराखड्ड्यांचे परिणाम सेवेशी जोडून मान्य करणारे कायदे १९९१ आणि २०२२ मध्ये झाले.

आपली व्यवस्था तशी नाही, ती मिश्र आहे, आणि आपल्याला झालेला त्रास नेमका सांध्यावर झालेला आहे. २००३च्या एप्रिलपूर्वी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयात जागा उरली तरच उपचार मिळत असत. ईसीएचएस आल्यावर पॉलीक्लिनिक सरकारचे झाले, पण मोठे उपचार बहुतेक वेळा करारातल्या खासगी रुग्णालयात होतात, आणि सरकारकडून बिल वेळेवर गेले नाही की तो खासगी सांधा निखळतो. सांधा निखळला म्हणून हात कापून टाकत नाहीत.

करायचे ते असे. करारातल्या रुग्णालयाने नकार दिला तर काउंटरवर वाद न घालता नकाराची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी, आणि त्याच दिवशी पॉलीक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तिची एक प्रत ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राला पाठवावी. तोंडी तक्रारीचा कागद होत नाही, आणि कागदाशिवाय फौजेत काही हलत नाही हे मी आपल्याला काय सांगावे! मोतीबिंदूसाठी कामठीचे लष्करी रुग्णालय किंवा एखादे सरकारी रुग्णालय, असे रेफरल बदलून मागता येते. गोळी नसेल तर आधी पॉलीक्लिनिकने ठरवून दिलेल्या औषध दुकानातून ती मागवण्याचा आग्रह धरावा. तिथेही नसेल तर चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ अशी सही-शिक्क्याची नोंद घ्यावी आणि बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचे बिल जपून ठेवून भरपाईचा अर्ज करावा. ऐन मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन खेपा कराव्या लागतात हे खरे आहे, आणि ते लाजिरवाणे आहे.

प्रश्न : माझे पती माजी नायब सुभेदार आहेत. पहाटे छातीत कळ आल्याने त्यांना गावातल्या जवळच्या रुग्णालयात नेले. ते रुग्णालय ईसीएचएसच्या यादीत नाही. पैसे आम्ही भरले. ते परत मिळतील काय?
— एक वाचक भगिनी, उमरेड

उत्तर : मिळतील, पण बहुधा पूर्ण नाहीत. जीव धोक्यात असताना यादीबाहेरच्या रुग्णालयात जाण्याची मुभा आहे. अट अशी की दाखल झाल्यापासून ४८ तासांत पॉलीक्लिनिकला कळवले पाहिजे. आपण कळवले असेल तर त्याचा पुरावा, तातडीचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल जोडावे. कळवणे राहून गेले असेल तर विलंबाचे कारण प्रामाणिकपणे लिहावे. परतावा सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरांनी होतो, वरची रक्कम आपल्यालाच सोसावी लागते. यादीतले रुग्णालय असते तर पॉलीक्लिनिकला कळवण्याचे काम त्यांचे होते आणि आपल्याला पैसेही भरावे लागले नसते. म्हणून नागपूरच्या दोनतीन यादीतल्या रुग्णालयांची नावे आजच फ्रिजवर चिकटवून ठेवावीत.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनंतर त्याला आणि आम्हा आईवडिलांना ईसीएचएस लागू होईल काय?
— एक पालक, काटोल

उत्तर : नाही. २०२२च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. नोकरीत असेपर्यंत त्याच्यावर लष्करी रुग्णालयात उपचार होतील. कायम सेवेत घेतलेल्यांपैकी तो असेल, तर पुढे नेहमीचे नियम लागू होतील. इतकी वर्षे सेवेतल्या कानाच्या आणि गुडघ्याच्या तक्रारी वाचल्यावर ही तरतूद मला कोती वाटते, पण आज नियम असा आहे. बाहेर पडताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत त्याने कानाची चाचणी नीट नोंदवून घ्यावी आणि त्या कागदाची एक प्रत घरी आणावी.